हात न लावता ऐकायचं

डॉ. कुमुद खरगोणकर बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतोय आणि त्यात माझा लेख असावा, असा फोन संपादकांनी केला तेव्हा मी पोळ्या करत होते. मी म्हटलं, "साहेब, तुमचा नंबर चुकला असेल." ते म्हणाले, "नाही ताई, बाईंनी स्वतः तुमचं नाव सांगितलंय." त्यानंतर ते काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. छातीत नुसती धडधड सुरू झाली. आणि गंमत अशी, की ती धडधड आहे, ती आनंदाची आहे आणि तिच्यामुळे बाहेरचं ऐकू येईनासं झालंय, हे मला त्याच क्षणी कळलं. हे कळणं बाईंनीच शिकवलेलं. तव्यावरची पोळी मात्र जळाली.

मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई आहे. आम्ही इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहतो. माहेर महूचं, आजोबा आणि वडील दोघेही फौजेत होते. मी सकाळ-संध्याकाळ वंदना करते, त्यानंतर थोडा वेळ आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून बसते, आणि आमच्या विहाराच्या महिला मंडळाचा जमाखर्च लिहिते. शरीरशास्त्राच्या या थोर प्राध्यापिकेबद्दल त्यांचे विद्यार्थी पुढच्या पानांवर लिहितीलच. त्यांचे शोधनिबंध मी वाचलेले नाहीत. मी फक्त त्यांच्या पाठ नसलेल्या खुर्चीवर बसले आहे. त्या खुर्चीची हकीकत मला सांगायची आहे.

बाईंची पहिली भेट विहारात झाली. पौर्णिमा होती. साध्या सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई मागे येऊन बसल्या. वंदना संपेपर्यंत शांत बसून राहिल्या आणि मग त्यांनी बोलायची परवानगी मागितली. मला वाटलं, कुणी दान द्यायला आल्या असतील. मी घाईघाईने पावतीपुस्तक काढलं, कार्बन लावला आणि पेन उघडून तयार राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाल्या, "ते ठेवा ताई, मी द्यायला नाही, मागायला आलेय. मला माणसं हवीत."

सगळ्या बायका सावध झाल्या. बाईंनी समजावून सांगितलं. आपला मेंदू दिवसभर दोन ठिकाणांहून खबर घेत असतो. एक बाहेरून, म्हणजे रस्ता, भांडी, पोरांचा आवाज, नवरा काय म्हणतोय ते. दुसरी आतून, म्हणजे भूक, श्वास, छातीची धडधड, पोटातला गोळा. दोन्हीकडे एकाच वेळी सारखं लक्ष देणं त्याला जमत नाही. मग कधी कुणाचं ऐकायचं हे तो कसं ठरवतो, ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ध्यानाला बसणारी माणसं हवी होती आणि न बसणारीही हवी होती.

आमच्यातल्या सर्वात वडील गंगाबाई मागून म्हणाल्या, "नवऱ्याचं ऐकणं तर माझ्या मेंदूने कधीच बंद केलंय, मॅडम. आमच्यावर काय मेहनत करता?"

सगळा विहार हसला. बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या कुणी शिकलेल्या बाईंनी ते हसण्यावारी नेलं असतं. या मात्र म्हणाल्या, "गंगाबाई, तुम्हीच पहिल्या या. मेंदू आवाज बंद कसा करतो, तेच तर मला समजून घ्यायचंय." मग सुई टोचणार का, रक्त काढणार का, फोटो छापणार का, असे प्रश्न झाले. प्रत्येक प्रश्नाला बाईंनी सरळ उत्तर दिलं. मिळणार काय, असं मी विचारलं. चहा आणि येण्याजाण्याचं भाडं, असं त्या म्हणाल्या. भाड्याची नोंद मात्र त्यांना ठेवावी लागेल. नोंद ठेवणारं माणूस दिसलं की माझा विश्वास बसतो. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

बाईंचं घर अन्नपूर्णा भागात. निवृत्तीनंतर घरामागची खोली त्यांनी कामासाठी घेतली. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. नोकरीसाठी इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. आता भाजीवाल्याशी मालवी ढंगात घासाघीस करतात, फक्त कुणाला 'भिया', म्हणजे इथल्या बोलीतलं 'भाऊ', म्हणायची वेळ आली की अजून लाजतात. खोलीत पाहिलं तर सगळं साधं. जुन्या बाजारातलं टेबल, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, भिंतीकडे तोंड केलेला एक संगणक आणि लाकडी खुर्ची, जिची पाठ करवतीने कापून काढलेली. धडधाकट खुर्चीची पाठ कापलेली बघून माझा जीव हळहळला. बाईंनी कारण सांगितलं. पाठ टेकली की ठोका पाठीला लागतो आणि माणूस त्याच्यावरून मोजतो. त्यांना तसलं मोजणं नको होतं. त्याच कारणाने घट्ट बांगड्या, घड्याळ, अंगठी, सगळं काढून ठेवायला सांगायच्या. बोटाला किंवा कानाच्या पाळीला एक चिमटा लावायच्या. त्यातून हृदयाचे खरे ठोके संगणकावर उमटायचे. आपल्याला मात्र ते दिसायचे नाहीत.

काम दोन प्रकारचं. आधी हात मांडीवर ठेवून, नाडीला हात न लावता, घंटा वाजल्यापासून परत वाजेपर्यंत आपले ठोके मनात मोजायचे. मग कानाला हेडफोन लावून अगदी बारीक आवाज मोजायचे. म्हणजे एकदा आत ऐकायचं, एकदा बाहेर.

मला वाटलं होतं, मी तर रोज श्वासावर बसणारी. मला हे सहज जमेल. डोळे मिटले, श्वासावर लक्ष धरलं, घंटा वाजली, पुन्हा वाजली, मी ठसक्यात आकडा सांगितला. बाईंनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा करू या?" पुन्हा केलं. त्या वेळी त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्या पोटाकडे बघत होत्या. मग एकदम त्यांनी विचारलं, "ताई, एका श्वासाला किती ठोके धरता तुम्ही?"

मी म्हटलं, "चार. महूला माझ्या वडिलांच्या फौजी दवाखान्यात सांगायचे, एका श्वासाला साधारण चार."

म्हणजे मी काय केलं होतं, तर श्वास मोजले आणि चाराने गुणले. ठोका एकही ऐकला नव्हता. हिशेब लिहिणाऱ्या बाईने छातीतही हिशेबच केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई खुर्चीवरून उठल्याच. खोलीत इकडून तिकडे चालायला लागल्या. डोळे नुसते चमकत होते. म्हणाल्या, "अहो, तुम्ही हे जाणूनबुजून केलंत. मेंदू हेच काम आपल्याला न सांगता करतो. आतून येणारी खबर फार पुसट असते, मग तो आधी अंदाज बांधतो आणि तोच आपल्याला जाणवतो. असा चाराचा पाढा मला आजवर कुणी इतका उघड करून दाखवला नव्हता."

तोपर्यंत मला वाटायचं, आपलं शरीर आपल्याला जसं आहे तसं कळतं. भूक लागली म्हणजे लागली, धडधडलं म्हणजे धडधडलं. त्या दिवशी बसमधून घरी येताना मी सारखी स्वतःला विचारत होते, ही तहान खरी की अंदाज? ही पायाची कळ खरी की सवय? राजवाड्याला उतरायचं ते पुढे जाऊन उतरले, इतकी मी आत गुंतले होते. तेव्हा कळलं की बाई म्हणाल्या ते खरंच आहे. आत लक्ष गेलं की बाहेरचा स्टॉपसुद्धा निघून जातो.

बाईंच्या प्रामाणिकपणाचा अनुभव लगेच आला. पुढच्या गुरुवारी बघते, तर त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवायच्या सूचना बदललेल्या. आधी तिथे अवघड शुद्ध हिंदीतलं वाक्य होतं, जे ऐकून आमच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. बाईंनी मला विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा बरं. मी म्हटलं, सांगायचं एवढंच, की हात न लावता ऐका. जितके ठोके खरोखर जाणवतील तितकेच मोजा. अंदाज करू नका. एकही जाणवला नाही तर शून्य म्हणा, लाजू नका. बाईंनी स्वतःचं वाक्य खोडलं आणि हे लिहिलं. हे कुणामुळे सुचलं, ते पुढे त्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आल्या. माझ्या चुकीचं असं कौतुक माझ्या सासरीसुद्धा कधी झालं नव्हतं.

ती सूचना ऐकून गंगाबाई बसल्या. घंटा झाली. बाईंनी विचारलं, किती? गंगाबाई घाबऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "मॅडम, मुझे तो कुछ भी नहीं लगा. चालू तर आहे ना?" बाई त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या, पडदा वळवून त्यांना त्यांची धावती रेघ दाखवली आणि म्हणाल्या, "छान चालू आहे. आणि हे शून्य माझ्यासाठी फार मोलाचं आहे, कारण ते खरं आहे." त्या दिवसापासून गंगाबाई विहारात सगळ्यांना सांगतात, माझं शून्य मोलाचं आहे.

आता ज्यासाठी मी पेन हातात घेतलं, तिकडे येते.

आमचे मिस्टर मधुकरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. विहाराच्या गायन पार्टीत ते तरुणपणापासून ढोलकी वाजवायचे. जयंतीला त्यांच्या ढोलकीशिवाय पहिलं गाणं उठत नसे. बाईंची ओळख होण्याच्या थोडं आधी यांच्या छातीत दुखलं, स्टेंट टाकावा लागला. ऑपरेशन उत्तम झालं. हार्टच्या डॉक्टरांनी हळूहळू सगळं सुरू करा म्हणून सांगितलं, ढोलकीलाही हो म्हणाले. पण घरी जो माणूस परत आला, त्याचे कान आतच लागलेले. उजव्या हाताने डावं मनगट धरून बसायचे. जेवताना घास मध्येच खाली ठेवायचे आणि नाडी धरायचे. मी बोलत असले की दोन मिनिटांनी कळायचं, हे ऐकतच नाहीयेत. मुलगी सोनल ऑफिसातून आली की गमतीने म्हणायची, "पप्पा, नेटवर्क में हो क्या?" पुढे तिचीही गंमत थांबली. रिपोर्ट काढला की चांगला यायचा, दोन दिवस बरे जायचे, पुन्हा मनगट. मग एके दिवशी पार्टीचे गायक किशोर भिया घरी आले असताना यांनी सांगून टाकलं, जयंतीला दुसरा ढोलकीवाला बघा. आणि ढोलकी मला म्हणाले, देऊन टाक कुणाला तरी. मी माझ्या जुन्या साडीत गुंडाळून ती कपाटावर ठेवली. द्यायला माझा हात होईना.

माझ्या घरात माणूस होतं, पण ते घरात नव्हतं. मी रोज वंदना करताना मागणं मागत नाही, आमच्यात मागायची रीत नाही. पण त्या दिवसांत मी मागत होते.

बाईंना मी हे सांगितलं आणि म्हटलं, यांना काहीतरी निमित्त करून घेऊन येते, तुम्ही सहज म्हणून खुर्चीवर बसवा. बाईंना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "निमित्त नको. त्यांना सगळं खरं सांगून आणा. आणि मी हार्टची डॉक्टर नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी त्यांना चिमटाही लावणार नाही." स्वतः डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, त्यांची संमती घेतली. यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं, की छातीत खरंच दुखलं, घाम सुटला, हात भरून आला, तर माझ्याकडे यायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. मला बाईंचा जो आदर आहे, तो अशा गोष्टींमुळे अधिक आहे. आपली हद्द कुठे संपते, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

हे खुर्चीवर बसले. बाईंनी घड्याळ काढायला सांगितलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले. यांना ते हात एकमेकांपासून लांब ठेवणंसुद्धा जड जात होतं. म्हणाले, "मॅडम, मला मोजायला काही त्रास नाही. मला तर एकेक ठोका ऐकू येतो, दिवसभर येतो."

घंटा झाली. यांनी आकडा सांगितला. मी बाईंच्या मागे उभी होते, मला पडदा दिसत होता. यांनी जितके सांगितले त्याच्या जवळपास निम्मेच ठोके तिथे होते.

बाईंनी सावकाश पडदा यांच्याकडे वळवला. हिरवी रेघ एका संथ चालीने पुढे जात होती. हे तिच्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तो मैं इतने दिन सुन क्या रहा था?"

"तेच आपण दोघं मिळून शोधू या," बाई म्हणाल्या. "आधी चहा घ्या."

चहा घेता घेता त्यांनी यांना माझा चाराचा पाढा सांगितला. मी लाजले, पण हे किती दिवसांनी हसले. बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी श्वासावरून हिशेब केला, तुम्ही भीतीवरून केलात. मेंदूने एकदा ठरवलं की हृदय बिघडलंय, की मग पोटातला गॅस, खांद्याची नस, जिना चढल्याचा दम, सगळं तो त्याच खात्यात टाकतो. आता ही खात्याची भाषा त्यांनी माझ्यासाठी वापरली, हे मला तेव्हाच समजलं.

मग दुसरं काम, बाहेरचं. हेडफोनमधला आवाज इतका बारीक होता, की मला अर्धेसुद्धा सापडले नव्हते. यांनी एकही सोडला नाही. बाईंच्या चेहऱ्यावर तीच ती लहान मुलीसारखी चमक आली. म्हणाल्या, "मधुकरराव, हे कान कुठून आणलेत?" हे म्हणाले, ढोलकी वाजवायचो. वाजवायचो असं म्हणाले, आणि बाईंनी तो शब्द ऐकला.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही जायचो. आधी हे डोळे मिटून आत ऐकायचे, मग पडदा बघून ताडून पाहायचे, की ऐकलेला ठोका खरा होता का. मग मुद्दाम लक्ष बाहेर न्यायचं, खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडावर कोण बसलंय ते ऐकायचं. मग पुन्हा आत. मग पुन्हा बाहेर. मला काळजी वाटे. बाईंना एकदा बाजूला घेऊन विचारलं, यांनी आतलं ऐकणं सोडलं आणि उद्या खरंच काही झालं तर? बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "म्हणून तर आधी त्यांना त्यांचा खरा ठोका ओळखता यायला हवा. एकदा तो ओळखीचा झाला, की वेगळं काही झालं तर सर्वात आधी त्यांनाच कळेल."

घरी अभ्यास काय, तर गल्लीतले आवाज ऐकून मला सांगायचे. पहिल्या दिवशी हे चिडले, मैं बच्चा हूँ क्या, म्हणाले. पण मग लागले त्या नादाला. सकाळी कचरागाडीचं गाणं लांबून आलं की सांगायचे, आता वळणावर आहे, आता मेडिकलपाशी थांबली, बादली आण. समोरच्या बाईंच्या कुकरच्या शिट्टीवरून सांगायचे, आज डाळ नाही, बटाटे लावलेत. पुढच्या गल्लीतली पॅकिंगची मशीन कुठल्या ठेक्यात चालते, तेही बोटांनी मला पाटावर वाजवून दाखवलं. पाटावर! मी पोळी लाटायची थांबले. बोलले असते तर यांची बोटं थांबली असती.

असे दिवस जात होते. मधूनच एखादा दिवस पुन्हा पहिल्यासारखा यायचा, सकाळपासून मनगट. जयंती जवळ येत चालली होती. विहारात तालीम सुरू झाली होती आणि किशोर भियांनी दुसरा ढोलकीवाला खरंच बघितला नव्हता. नुसतं टाळ्यांवर भागवत होते. मला वाटतं, त्यांनाही आस होती. एका संध्याकाळी यांनी मला विचारलं, "ढोलकी दिलीस का कुणाला?" मी स्टूल घेतलं आणि कपाटावरचं गाठोडं काढलं. साडी सोडली तर आतलं चामडं सैल पडलेलं. हे रात्रीचं जेवण विसरून दोऱ्या ओढत आणि कड्या सारत बसले.

तालमीला येण्याचं आमंत्रण बाईंना यांनीच दिलं. बाई आल्या, चपला काढून बायकांच्या बाजूला सतरंजीवर मांडी घालून बसल्या. सोबत यंत्र नाही, चिमटा नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, आज मी गाणं ऐकायला आलेय.

पहिलं गाणं सुरू झालं. यांची थाप पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसरं कडवं झालं, ठेका चढला, किशोर भियांचा आवाज वर गेला. आणि ढोलकी थांबली. हे जागच्या जागी बसले होते आणि यांच्या उजव्या हाताने डावं मनगट धरलं होतं. गाणं अर्ध्यात पडलं. मी उठायला गेले, तर बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. स्वतःही उठल्या नाहीत. त्यांचे डोळे यांच्यावर होते, आणि तो माझ्या गुडघ्यावरचा हात थंडगार पडला होता. त्याही घाबरल्या होत्या, हे मला त्या हाताने सांगितलं.

यांनी डोळे मिटले. मग मनगट सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले, त्या खुर्चीवर ठेवायचे तसे, लांब लांब. आणि ऐकत बसले. आत ऐकत होते. मला तर ती वेळ संपेचना. मग यांनी डोळे उघडले, बाईंकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जोरात चाललंय मॅडम, पण दुखत नाहीये, दमही लागलेला नाही. ढोलकीमुळे चाललंय."

बाई म्हणाल्या, "चालणारच. तुमचा ठोकाही तालमीला आलाय."

सगळे हसले. किशोर भिया म्हणाले, "तो फिर उसको भी बैठाओ, दूसरे कडवे से लेते हैं।" आणि यांनी थाप मारली. ते गाणं पुरं झालं. पुढची तीन गाणी झाली. जयंतीला अख्खा कार्यक्रम झाला. त्या रात्री आम्ही राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत, रात्री खाण्याच्या गाड्या लागतात तिथे, पायी चालत गेलो. खर्चाला मी नेहमी हात आखडते, पण त्या दिवशी सोनलला आणि यांना मी स्वतःहून दोन-दोन प्लेटा खाऊ घातल्या. हे सारखे आजूबाजूला बघत होते आणि सांगत होते, ऐक, कढईत तेल कसं बोलतंय.

बाईंच्या कामाचं महत्त्व मोठी माणसं सांगतील. मी एवढंच पाहिलं, की माणसाला आत बघता येणं आणि बाहेर बघता येणं, दोन्ही लागतं, आणि दोन्हीकडे ये-जा करता येणं त्याहून लागतं. मी इतकी वर्षं श्वासावर बसत होते, ते का करायचं हे मला बाईंच्या खोलीत जास्त समजलं. माझी श्रद्धा कमी नाही झाली, उलट तिच्यात जीव आला. बाई स्वतः वंदना करत नाहीत. पण विहारात आल्या की वंदना संपेपर्यंत हात जोडून बसतात. कारण विचारलं तर म्हणतात, इतकी माणसं एकाच वेळी शांत होतात, ते बघायला मला आवडतं.

आता थोडी तक्रार करते. गौरवग्रंथात तक्रार करत नाहीत, पण बाई मला माफ करतील. सगळ्या इंदूरला आतलं ऐकायला शिकवणाऱ्या या बाई स्वतःच्या पोटाचं मात्र अजिबात ऐकत नाहीत. एका गुरुवारी भर दुपारी कामात गुंतल्या होत्या. यांनी बघितलं, बाईंच्या हातातला कप थरथरतोय. म्हणाले, "मॅडम, आपने खाना खाया?" बाई विचारात पडल्या. आठवेना. मग गालावर बोट ठेवून प्रामाणिकपणे म्हणाल्या, "शून्य." त्या दिवसापासून गुरुवारी माझा डबा त्यांच्याकडे जातो. तो डबा कधी रिकामा परत आलेला नाही. कधी अंगणातली लिंबं, कधी कढीपत्ता, एकदा नुसती मोगऱ्याची मूठभर फुलं आली.

बाईंच्या सत्काराला ढोलकी वाजणार आहे. सूत्रसंचालकांनी आधी शहनाईची कॅसेट लावायचं ठरवलं होतं, ते आमच्या यांनी रद्द करायला लावलं. कड्या ताणून तयार आहेत. परवा मी पोळ्या करता करता यांच्याकडे बघत होते आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नाडी धरून बसायचं तर माणसाचे दोन्ही हात लागतात, एक धरणारा आणि एक धरला जाणारा. ढोलकीलाही दोन्हीच लागतात.

कुमुदबाई, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, आणि ते सगळं ठणठणीत तब्येतीत जावो. त्या पाठ नसलेल्या खुर्चीवर अजून कितीतरी घाबरलेली माणसं येऊन बसोत आणि हसत उठोत. तुम्ही भूक लागली की जेवा, दमलात की पडा, आणि त्या दिवशी व्यासपीठावर बसल्यावर आमच्या कुणाची काळजी करू नका. पहिली थाप पडली की छातीत जे काही होईल, ते हात न लावता ऐका. तुम्हाला ते मोजायला सांगणार नाही.